रविवारची साक्ष

"मावशी, रविवारी तुमची साक्ष आहे बरं का, विसरू नका," पाळक खिडकीतून म्हणाले, आणि मावशीच्या हातातली ओली चादर इस्त्रीच्या रोलरमध्ये तिरकी गेली.

झालं ते एवढंच. रोलरच्या पलीकडे चादर घ्यायला उभी असलेली नवी ओरडली, "अगं मावशी, घडी पडली! आता ही पुन्हा ओली करा, पुन्हा घाला." नवीला हॉस्पिटलच्या या धुलाई विभागात येऊन सहा वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, म्हणून ती नवी ती नवीच राहिली होती. मावशीने पायाने दांडा दाबून रोलर थांबवला. तिला आपले हात दिसत होते, पण ते आपले आहेत असं वाटत नव्हतं. हे वाक्य कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. अकरा वर्षं ती त्याची वाट पाहत होती. फाटकाशी कुणीतरी फाईल घेऊन उभं असेल, किंवा टपालाने लांबट पाकीट येईल, किंवा सुपरवायझर सगळ्यांदेखत नाव पुकारतील, असं तिने नाना परींनी मनात घडवून पाहिलं होतं. पण ते पाळकांच्या तोंडून येईल, तेही काखेत बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्यांचं गाठोडं धरून हसत हसत, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय कुणी सांगितलं?"

"की माझी... साक्ष."

पाळक तरुण होते, चष्मा नाकावरून घसरायचा आणि ते तो खांद्याने वर ढकलायचे, कारण हात नेहमी कशाने तरी भरलेले. "अहो, नियमच आहे तो आपला. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची. आधी आयुष्य कसं होतं, प्रभूकडे कसे वळलो, काय बदललं. पाच मिनिटं. मागच्या खेपेला एका गृहस्थांनी आपल्या सासूबाईंचं अख्खं चरित्र सांगितलं, तोवर हौदातलं पाणी गार झालं. तसं नका करू म्हणजे झालं." त्यांनी गाठोडं खिडकीतून आत सरकवलं. "खरं खरं तेवढं सांगायचं. दुसरं काय!" आणि ते गेले.

"सासू तर नाहीच तुला, वाचली मंडळी," नवी म्हणाली. मावशी हसली. हसण्याचा आवाज तिला स्वतःलाच बाहेरून, दुसऱ्या कुणाचा ऐकावा तसा ऐकू आला.

साक्ष. एकच शब्द, आणि तो दोन्हीकडे चालतो, हे तिच्या इतके दिवस ध्यानातच आलं नव्हतं. आठ महिने ती दर रविवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये जात होती, दर बुधवारी बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसत होती, पाळक सांगतील ते शाळेतल्यासारखं वहीत उतरवून घेत होती. इतरांच्या साक्षीही तिने ऐकल्या असतील, पण कान त्या शब्दापाशी आले की वळसा घालून पुढे जात असावेत. दहा आज्ञा सगळ्यांनी मिळून म्हणायच्या असत तेव्हाही नववी, 'खोटी साक्ष देऊ नको' ही, आली की ती ओठ हलवायची आणि आवाज गिळायची. तसं कुणाला कळत नव्हतं. आता पाळकांनी तो शब्द उचलून सरळ तिच्या हातात ठेवला होता, आणि तो गरम होता.

त्या दुसऱ्या साक्षीच्या वेळीही, अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलने अपघाताची चौकशी केली तेव्हा, खोलीत गरम होत होतं. टेबलामागे तीन जण होते. मधल्या अधिकाऱ्याला सर्दी झाली होती आणि तो पुन्हा पुन्हा रुमालाची कोरडी बाजू शोधत होता. "तुमची साक्ष महत्त्वाची आहे बाई, त्या वेळी यंत्राजवळ तुम्हीच होतात," तो म्हणाला. पिळायचं यंत्र म्हणजे एक भलं मोठं पिंप, त्याला विभागात नुसतं पिळणी म्हणत. ओले कपडे त्यात घालायचे, झाकण लावायचं, पिंप गरगर फिरून पाणी बाहेर फेकतं. झाकणाला एक खटका होता. पिंप पूर्ण थांबल्याशिवाय तो सुटायचा नाही, आणि थांबायला चार मिनिटं लागायची. ती चार मिनिटं कुणालाच परवडत नसत, वॉर्डांतून कपड्यांच्या गाड्या येतच असत. म्हणून फाटक्या चादरीची एक चिंधी खटक्यावर करकचून बांधायची युक्ती कुणीतरी काढली होती. चिंधी बांधली की झाकण हवं तेव्हा उघडतं. सगळ्या जणी बांधायच्या, सुपरवायझर येताना दिसले की सोडायच्या, आणि सुपरवायझरही येण्याआधी जिन्यातून खोकत खोकत यायचे. नियम एकच होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता: पाळी संपली की आपली चिंधी आपण सोडायची. कारण पुढच्या बाईला वाटणार, झाकण उघडलं म्हणजे पिंप थांबलंय. ऐन वेगात फिरणारं पिंप वरून थांबल्यासारखंच दिसतं, आणि बाकीच्या यंत्रांच्या घरघरीत त्याचा आवाज वेगळा काढता येत नाही. त्या दिवशी सकाळची पाळी मावशीची होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी चौथीत, आणि डोक्यात डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी सांगितलेलं सगळं. दहा वाजता तिने पिळणी शिट्टीच्या हवाली केली आणि चादरी मोजायला पलीकडे गेली. चिंधी तिथेच राहिली.

शिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ती काम करताना शिट्टी वाजवायची, कपडे धुणाऱ्या दहा यंत्रांच्या वर ऐकू जाईल अशी, म्हणून शिट्टी. मावशीपेक्षा दहा वर्षांनी लहान. मावशीने तिला कामाला लावलं होतं, चादरीची घडी एकटीने कशी घालायची ते शिकवलं होतं, कोणता डाग कोणत्या पाण्यात जातो ते पाठ करून घेतलं होतं. आणि मावशीला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ते हे, की शिट्टी मध्येच थांबली. ओरडली नाही. नुसती शिट्टी थांबली. सुराच्या मध्यावर.

"खटक्यावर चिंधी कुणी बांधली?" सर्दीवाल्याने विचारलं होतं. मावशीने उत्तर ठरवून नेलं नव्हतं. याची तिने नंतर हजार वेळा स्वतःशी खात्री करून घेतली, जणू त्याने काही कमी होणार होतं. तिच्या तोंडातून आलं, "तिनेच. मी पाहिलं." तीन शब्द. ते बाहेर पडल्यावर खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलेलं तिला दिसलं, कारण प्रश्न सुटला होता. सुपरवायझरना तर फारच. आणि मग लोकांना खात्री वाटावी म्हणून तिने जोडलं, की उजव्या हाताने गाठ मारली आणि दाताने ओढली. हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ती वही घेऊन बसली. मुलगी औषधांच्या दुकानातून नुकतीच आली होती आणि पाय टेबलावर टाकून चहा पीत होती. तिला आईच्या प्रभूचं वावडं नव्हतं आणि कौतुकही नव्हतं. "काय लिहितेस एवढं?"

"साक्ष लिहायचीय. पाच मिनिटांची."

"दाखव." मुलीने वही ओढली. पानावर फक्त तारीख होती. "अगं, यात काय अवघड आहे? आधी मी पापी होते, असं लिही. मग पापं लिही. तुझी पापं काय काय, आठव. एकदा दूध उतू गेलं. एकदा मला भिजत शाळेत पाठवलंस, छत्री शेजारणीला दिलीस म्हणून. झालं. पाच मिनिटं भरतील की नाही हाच प्रश्न आहे."

"भरतील," मावशी म्हणाली.

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं नाही का तुला?" मग उठून कपाळाला हात लावला. लहानपणी मावशी तिच्या कपाळाला लावायची तसाच, उलटा. त्या हातामुळे मावशीला रडू येईल असं वाटलं, पण आली ती भीती. या मुलीची शाळा, कॉलेज, हे दुकान, हा उलटा हात, सगळं त्या तीन शब्दांवर उभं होतं, आणि ते शब्द खालून काढून घेतले तर काय काय कोसळेल याचा तिला अंदाज येईना. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आठ महिने गप्प राहिलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाच मिनिटं दुसरंही काही बोलता येईल. नवऱ्याच्या आजाराचं, एकटेपणाचं, हॉलमधल्या गाण्यांचं. तेही खोटं नव्हतं. पण मग त्यानंतर पाण्यात उतरायचं होतं, आणि तिथे तिची कल्पना दर वेळी अडायची. पाळक तिला मागे झुकवतात, पाणी डोळ्यांवरून जातं, आणि तेवढ्यात कुणीतरी, पाळक नव्हे, दुसराच कुणीतरी, जो पाण्याखाली आधीपासून वाट पाहत होता, विचारतो, चिंधी कुणी बांधली?

खरं तर ती त्या हॉलमध्ये पहिल्यांदा गेली होती ती पडदे परत द्यायला. सुपरवायझरांनी कुणाच्या तरी ओळखीने हॉलचे पडदे धुवायला घेतले होते. पाय दुखत होते म्हणून शेवटच्या बाकावर टेकली, आणि समोर पाळक सांगत होते की एक जण आहे, ज्याला तुम्ही बोलण्याआधीच तुमचं सगळं ठाऊक आहे. भोवतालच्या बायकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.  मावशी मात्र उठून तडक घरी आली आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही असं तिने ठरवलं. पुढच्या रविवारी ती दहा मिनिटं आधी जाऊन बसली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच, की दहा वर्षांत ती गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी माहीत असलेली ही पहिलीच जागा होती. तिथे तिला भीती वाटायची, पण एकटं वाटायचं नाही. पुढे पुढे ती त्याच्याशी बोलूही लागली. कामावर जाता-येता, मनातल्या मनात, कसल्याही गोष्टी. फक्त ती एक सोडून. तो विषय दोघांनीही काढला नव्हता, आणि हे त्याचं सौजन्य आहे अशी तिने समजूत करून घेतली होती.

शुक्रवारी पाळकांनी चौघा उमेदवारांना पाण्यात उतरायचा सराव करायला बोलावलं. बाकीचे तिघे करून गेले, मावशी कामावरून उशिरा पोचली. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या होत्या आणि खाली हौद होता, फरशीचा, चार पायऱ्यांचा, अजून कोरडा. तळाशी रबरी बूच. हे सगळं आपण महिनोन् महिने ज्याच्याकडे पाहत गाणी म्हणत होतो त्याच्याखाली होतं, या विचाराने तिला कसंसंच झालं. "इथे उभं राहायचं. हात असे छातीवर. नाक धरायचं. मी विचारीन, पश्चात्ताप झाला आहे का, विश्वास आहे का. हो म्हणायचं. मग मी मागे झुकवीन," पाळक सांगत होते. पश्चात्ताप हा शब्द त्यांनी वर्गात फळ्यावर लिहून समजावला होता. पस्तावणं वेगळं, ते म्हणाले होते, पस्तावलेला माणूस जागच्या जागी रडतो. पश्चात्ताप म्हणजे ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने उलटं चालत यायचं. मावशीने ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. रेघ मारताना काही वाटलं नव्हतं.

"पाळकसाहेब, खोटं बोललेलं माणूस यात बुडतं का?"

पाळक मोठ्याने हसले. "तसं असतं तर मंडळीत कुणी उरलंच नसतं, मावशी. पहिला मीच गेलो असतो." मग तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. चष्मा खांद्याने वर ढकलला. "काही सांगायचंय का तुम्हाला?"

हौदाच्या काठावर नळ दुरुस्त करणारा पाना आपटत होता. शब्द जिभेवर आले होते, मावशीला त्यांची चवही कळली, लोखंडासारखी. "पाणी कोमट असेल ना?" तिने विचारलं.

"कोमट करतो की. तुमच्यासाठी गरमच करू."

"गरम नको," ती एकदम म्हणाली. रक्ताच्या डागावर गरम पाणी पडलं की तो धाग्यात कायमचा बसतो, हे ती प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी शिकवत असे. शिट्टीलाही तिनेच शिकवलं होतं.

शनिवारी अर्धा दिवस होता. विभागातून सुटल्यावर मावशी घराच्या बसमध्ये चढली नाही, पलीकडच्या थांब्यावर गेली. पाय पुढे चालले होते आणि मन प्रत्येक कोपऱ्यावर मागे वळायला सांगत होतं. आता घरी नसेल. आजारी असेल. जागा बदलली असेल. तीन वर्षांपूर्वी शिट्टी तिला चष्म्याच्या दुकानात भेटली होती. उजवी बाही कोपराखाली दुमडून पिनेने टाचलेली. मावशीने तिला आधी पाहिलं आणि सरळ निघून जायचं ठरवलं, पण शिट्टीनेच हाक मारली, मिठी मारली, एका हाताची, घट्ट. कामावरून काढल्यावर पाळणाघर काढलं, ती सांगत होती, मुलं बरी, मुलांना हाताचं काही वाटत नाही. आणि मग आपणहून म्हणाली, "तुझ्यावर माझा राग नाही हं, मावशी. तू खरं तेच सांगितलंस. चूक माझीच होती ना."  मावशीला वाटलं, हिला सगळं कळलंय आणि ही टोमणा मारतेय. पण शिट्टीच्या डोळ्यांत टोमणा नव्हता.

पाळणाघर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दार उघडंच होतं. सतरंजीवर सहा-सात मुलं दप्तरं पाठीला लावून आईबापांची वाट पाहत बसली होती. एका मुलीने दाराच्या फटीत बोट घातलं होतं आणि शिट्टी, पाठमोरी, दुसऱ्या एकाच्या कोटाची बटणं एका हाताने लावत होती. न वळताच ती म्हणाली, "फटीतून बोट काढ. बाईंचा हात बघितलास ना? बाईंनी काय केला होता?"

"आळस!" सगळी मुलं एका सुरात म्हणाली. पाढे म्हणतात तशी.

"आळस करून काय बांधली?"

"चिंधी!"

"मग काय गेला?"

"हात!" मुलं ओरडली, आणि एक जण खुदकन हसला.

मावशीने दाराची चौकट धरली. चष्म्याच्या दुकानात तिला वाटलं होतं की आपण एक हात घेतला. आता तिला दिसलं की तेवढ्यावर भागलं नव्हतं. तिने खोटी केलेली ती सकाळ शिट्टीने खरी मानून जपली होती, धुऊन पुसून लख्ख ठेवली होती, आणि रोज या मुलांना वाटत होती.

"अगंबाई, मावशी!" शिट्टी वळली. "ये ना. अशी दारात काय? बस."

"चिंधी तू बांधली नव्हतीस," मावशी म्हणाली. बसली नाही. बसली असती तर बोलणं झालं नसतं. "मी बांधली होती. सकाळच्या पाळीत. दहा वाजता तुझ्या हवाली केलं तेव्हा सोडायची राहिली."

शिट्टी हसली, कुणी चुकीच्या घरात शिरावं आणि घरच्यांनी समजुतीने हसावं तशी. "काहीतरीच काय. तू तर पाहिलंस मला बांधताना."

"नाही पाहिलं. पाहण्यासारखं काही घडलंच नव्हतं."

"पण मला आठवतं, मावशी. नीट आठवतं. उजव्या हाताने गाठ मारली आणि दाताने ओढली. अजून दातात त्या चिंधीचा साबणाचा वास येतो मला."

"ते मी सांगितलेलं आठवतंय तुला. त्यांनी तुला वाचून दाखवलं असेल."

 शिट्टीचा डावा हात मुलाच्या शेवटच्या बटणावर होता तो तिथेच राहिला. मुलगा हलला नाही, मुलांना असल्या वेळी हलू नये हे कसं कळतं कोण जाणे. मग ती म्हणाली, "बेशुद्धीतून उठले तेव्हा त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांनी कागद वाचला. मी म्हटलं, मावशी म्हणतेय म्हणजे तसंच असणार. मावशी कशाला खोटं बोलेल? मग हळूहळू आठवायलाच लागलं." तिने बटण लावलं. "अकरा वर्षं मी रोज सकाळी आरशासमोर एका हाताने केस विंचरते आणि स्वतःला आळशी म्हणते. मोठ्याने. शिस्त लागावी म्हणून."

"मला माफ—"

"तो शब्द आज काढू नकोस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दाराच्या फटीत बोट घालणारी मुलगी जवळ आली होती. "बाई, मग आता आपण काय म्हणायचं?"

"या आजीला विचार," शिट्टी म्हणाली. "गोष्ट तिची आहे."

मुलीने मान वर करून मावशीकडे पाहिलं. बाकीचीही पाहू लागली. "चिंधी तू बांधलीस?"

"हो."

"आणि सोडायची विसरलीस?"

"हो."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली."

मुलीने मान डोलावली, भीतीची तिला माहिती होती. मग तिने कपाळाला आठ्या घालून खूप विचार केला आणि विचारलं, "मग हात तुझा का नाही गेला?"

 दारात कुणाचा तरी बाप येऊन उभा राहिला, मुलं दप्तरं सावरत उठली, खोली गलबल्याने भरली. शिट्टी एकेकाला दारापर्यंत पोचवत होती. मावशी भिंतीला लागून उभी राहिली. शेवटचं मूल गेल्यावर ती म्हणाली, "उद्या माझा बाप्तिस्मा आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला यायचं असेल तर..."

"तू धुऊन निघताना बघायला?" शिट्टीने सतरंजी पायाने गुंडाळायला घेतली. "मला त्या माणसांशी काय करायचंय? त्यांनी मला कुठे कामावरून काढलं होतं? सोमवारी सकाळी दहाला हॉस्पिटलच्या ऑफिससमोर उभी राहा. मी येते. तिथे सांग, आणि लिहून दे." मग सतरंजीकडेच पाहत म्हणाली, "आली नाहीस तरी मी समजून घेईन. तसं समजून घ्यायची सवय आहे मला. जा आता."

घरी मुलीला सांगताना तिने सगळं ओळीने सांगितलं, काही वगळलं नाही. मुलगी खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. "आठ महिने थांबता आलं नसतं?" ती म्हणाली. मग लगेच, "नको, काही बोलू नकोस. मी काय बोलले ते मला ऐकू आलं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी चौथीत होते ना तेव्हा?" मावशी हो म्हणाली. मुलगी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, आदळलं नाही, नुसतं लावून घेतलं.

रविवारी हॉल भरला होता. मावशीच्या अंगात तिनेच धुतलेला, तिनेच इस्त्री केलेला झगा होता, आणि त्यात ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखी उभी होती. पाच मिनिटं लागली नाहीत. जेमतेम दोन लागली असतील. ती बोलायला लागली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका नेहमीसारख्या माना हलवत होत्या. 'तिनेच, मी पाहिलं' इथे ती आली तेव्हा माना थांबल्या. पुढे तिने उद्या दहा वाजताचं सांगितलं आणि ती थांबली. कुणी आमेन म्हटलं नाही. कुणीतरी खोकलं. शेजारी उभ्या असलेल्या उमेदवार बाईने आपल्या झग्याचा काठ किंचित आवरून घेतला, तिच्या नकळतच, आणि ते मावशीला दिसलं.

पाळक आधीच पाण्यात उभे होते, कमरेपर्यंत. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता आणि त्यामुळे ते फारच लहान, कुणाच्या तरी धाकट्या भावासारखे दिसत होते. मावशी पायऱ्या उतरली. पाणी कोमट होतं. पाळक तिच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आज नको वाटत असेल तर थांबूया. पुढच्या खेपेला करू. कुणी काही म्हणणार नाही."

"भीती वाटतेय," ती म्हणाली.

"पाण्याची?"

"नाही. उद्याची."

"मग उद्याचं होऊन जाऊ दे ना. नंतर शांतपणे..."

"नको. तिथे एकटीने जायला नको, म्हणून तर उतरलेय." तिचे दात वाजत होते, पाणी कोमट असूनही. "तुम्ही विचारा काय विचारायचंय ते."

पाळकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, चष्म्याशिवाय त्यांना कितपत दिसत होतं कोण जाणे. मग सरळ उभे राहून त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, पश्चात्ताप झाला आहे का. ती हो म्हणाली, पण आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. विश्वास आहे का. यावर ती थोडी थांबली, कारण तिला खरं तेवढंच सांगायचं होतं, आणि मग म्हणाली, "आहे. भीतीएवढा नाही, पण आहे." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, चांगलं हसलं. पाळकांचा हात तिच्या पाठीखाली आला आणि छत मागे झुकलं.

पाण्याखाली कुणीच काही विचारलं नाही. ती ज्या आवाजाची वाट पाहत होती तो आलाच नाही. नुसतं कानांत भरलेलं पाणी होतं, आणि पाठीखालचा हात, आणि आपलंच काळीज, यंत्रासारखं धडधडणारं. नाक धरायचं ती विसरली होती. वर आली ती खोकत, ठसकत, केस तोंडावर. वर काही बदललं नव्हतं. तोच हॉल, तेच चेहरे, काही तिच्याकडे बघणारे, काही मुद्दाम दुसरीकडे बघणारे. भीतीही होती तशीच, जागची हललेली नव्हती. कुणीतरी वरून टॉवेल फेकला. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते; उद्या याच वेळी ऑफिससमोर उभं राहायचं होतं. मावशीने कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. ओला झगा मणभर जड झाला होता.

"सावकाश, मावशी," पाळक मागून म्हणाले. "घाई नाही काही."

"आहे," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या पायरीवर पाय टाकला.